मसऊदा आत्याने धुतलेली गाळणी

मित्रांनो, मी दिसायला अगदी साधी आहे. दाबली तर मुठीत मावेन असा स्पंजाचा एक टोपीसारखा तुकडा. रस्त्यात पडलेली दिसले तर तुम्ही मला पायाने बाजूला साराल आणि पुढे जाल. पण दूझ गावाच्या टोकाला, जिथे खजुराच्या बागा संपतात आणि वाळू सुरू होते, तिथल्या एका जुन्या क्वाडची मी हवेची गाळणी आहे. चार जाड चाकांची ती गाडी वाळूच्या टेकडीवर चढू लागली की सगळे तिची चाके पाहतात, तिचा आवाज ऐकतात. तिच्या बैठकीखालच्या काळ्या डब्यात बसून मी तिचा प्रत्येक श्वास गाळत असते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

त्या डब्यात कायम अंधार. मला बाहेरचे काही दिसत नाही, पण वास सगळे येतात, आवाज येतात आणि उरलेले मी पुढे माणसांच्या बोलण्यातून जुळवते. खजूर पिकू लागले की मला घरातल्या माणसांआधी कळते. गरम राखेत कोणी भाकरी पुरली, जवळून उंटांचा कळप गेला, लांब कुठे पावसाचे चार थेंब वाळूवर पडले, सगळे माझ्यातूनच आत जाते. सूर्य मात्र मला फक्त धुण्याच्या दिवशी भेटतो. म्हणून माझ्या आयुष्याची गोष्ट ही खरे तर माझ्या धुण्यांची गोष्ट आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. फेसासारखे फुगवलेले काहीतरी थिजले, ते कापले गेले, कडेला कड चिकटवली गेली आणि मी तयार झाले. माझ्याबरोबर, एकाच पाकिटात, माझी जुळी बहीण होती. एक कामावर असताना दुसरीने धुऊन वाळून तयार राहायचे, अशी आमची जोडी. गाबेस शहरातल्या एका दुकानात आम्ही बरेच दिवस एकमेकींना चिकटून पडून होतो. तिथून बलगासिमने आम्हाला उचलले.

बलगासिम मोठा हौशी माणूस. त्याच्या बापाने आयुष्यभर उंट पाळले. बलगासिमने ते उंट विकले आणि वाळवंट पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवण्यासाठी क्वाड घेतल्या. धंदा बरा चालला, पण घर दुभंगले. त्याची थोरली बहीण मसऊदा दूर वाळवंटात तंबू ठोकून राहत असे, स्वतःचे उंट राखत असे. थोरल्या बहिणीला तो सगळ्यांसारखा लल्ला म्हणे आणि तिला घाबरतही असे. उंट विकल्याचे कळले तेव्हा तिने निरोप धाडला की ज्या अंगणात पत्र्याची गाढवे बांधली आहेत, तिथे ती पाणीसुद्धा पिणार नाही. त्यानंतर ती खरेच त्या अंगणात आली नाही.

बलगासिम पाहुण्यांना हसवण्यात तयार होता, पण आम्हाला धुण्याचा त्याला कंटाळा. संध्याकाळी डबा उघडायचा, मला बाहेर काढायचे, भिंतीवर दोनदा आपटायचे आणि परत कोंबायचे, ही त्याची सफाई. भिंतीवर आपटून माझ्यातली धूळ निघत नाही, मित्रांनो. ती आणखी आत शिरून बसते.

एकदा पाहुणे दारात उभे होते आणि त्याला घाई होती. माझ्या जुळ्या बहिणीला त्याने पेट्रोलमध्ये बुचकळले आणि फरशी पुसायच्या फडक्यासारखे पिळले. पेट्रोलने तिच्या कडेचा डिंक सुटला, पिळण्याने शिवण उसवली. ते त्याच्या लक्षात आले नाही. तशीच तिला डब्यात बसवून तो टेकड्यांवर गेला. तिच्या उसवलेल्या जागेतून बारीक वाळू सरळ इंजिनात उतरली. क्वाड धूर ओकत घरी आली. इंजिन उघडले तेव्हा आतल्या गुळगुळीत भिंतीवर कोणी नखांनी ओरबाडावे तसे चरे पडले होते. माझी बहीण कचऱ्यात गेली. मी फळीवरून पाहत होते. आम्हाला रडता येत नाही. मी नुसतीच फळीवर पडून राहिले.

त्या दिवशी बलगासिमची बायको नझीहा अंगणात आली. तिने चरे पाहिले, कचऱ्यातली गाळणी पाहिली आणि नवऱ्याकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाली, "भल्या माणसा, तू पाहुण्यांना चहा पाज. गोष्टी सांग. हे काम आजपासून माझं."

आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले.

नझीहाचे धुणे म्हणजे माझा सण. आधी ती जुन्या परातीत थोडे रॉकेल घेई आणि मला त्यात हलके हलके दाबी. जुने काळे तेल सुटे, त्याबरोबर कितीतरी दिवसांची वाळू. मग कोमट पाण्यात साबणाचा फेस करून त्यात मला बुडवी. दोन्ही तळव्यांत धरून दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. पिळायचे नाव नाही. पाणी नितळ येईपर्यंत ती मला खंगाळी आणि डाळिंबाच्या झाडाला सावलीत टांगून ठेवी. वाऱ्यावर झुलत मी सगळे अंगण पाहून घेई. कोंबड्या, गोणपाटावर वाळत घातलेल्या मिरच्या, उंबऱ्यात बसून अभ्यास करणारी त्यांची मुलगी विदाद.

मी पुरती वाळले की तेल. ते माझे खरे बळ. माझी भोके वाळूच्या बारीक कणाहून मोठी आहेत. कोरडी असेन तर कण माझ्यातून सुळकन निसटतो. चिकट तेल अंगभर असले की तो तिथेच अडकतो आणि हवा तेवढी पुढे जाते. नझीहा मला पिशवीत घालून त्यात तेल ओती आणि कुसकुसचा रवा चोळावा तशी निगुतीने चोळी. कुठे कोरडे राहायला नको, कुठे थबथबायलाही नको. जास्तीचे तेल दाबून काढायचे, काठाला वंगणाचे बोट फिरवायचे आणि मला डब्यात नीट बसवायचे. झाकण बंद झाले की मला अंधाराचेही काही वाटत नसे.

अशी वर्षे गेली. विदाद मोठी झाली, किबिली शहरातल्या दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिचे लग्न ठरले.

इथे पेच पडला. उंट विकले जाण्याआधी, विदाद लहान असताना नझीहा आजारी पडली होती, तेव्हा पोरीला मसऊदा आत्याने आपल्या तंबूत नेऊन उंटिणीच्या दुधावर वाढवले होते. आता विदाद हटून बसली. हाताला मेंदी लावेल तर आत्याच, नाहीतर मेंदीच नको. आणि मेंदीशिवाय नवरी म्हणजे गावभर चर्चा. फोनवरून निरोप गेले. ओळखीपाळखीची माणसे मध्ये पडली. तिकडून एकच उत्तर येई, ज्याला गरज आहे त्याने यावे.

नझीहा नवऱ्याला म्हणाली, "ती तुझी वाट बघतेय. निरोपांची नाही."

शेवटी मेंदीच्या आदल्या दिवशी बलगासिम निघाला. लग्नघरात नझीहाचे हात पिठात होते, माझ्याकडे पाहायला तिला आठवडाभर सवड मिळाली नव्हती. त्या आठवड्यात क्वाडने पाहुणे आणले, खुर्च्या आणल्या, बोकडसुद्धा आणला. मी धुळीने गच्च झाले होते. निघताना नझीहाने आतून विचारले की गाळणी धुतली का. बलगासिमने मला भिंतीवर आपटले आणि धुतली म्हणून सांगितले.

वाळवंटात शिरल्यावर तासाभरात वारा उठला. आभाळ मातकट झाले. वाळू आडवी येऊ लागली. मी जितके अडवता येईल तितके अडवले, पण माझ्यात जागाच उरली नव्हती. क्वाड धापा टाकू लागली, काळा धूर सोडू लागली. बलगासिम तिला चुचकारत, शिव्या देत, पुन्हा चुचकारत रेटत राहिला. वारा पडला तेव्हा समोरच्या उतारावर मसऊदाचा काळा तंबू दिसत होता आणि तिथेच क्वाड बंद पडली. बटण दाबून पाहिले, ढकलून पाहिले. वाळूत ती तसूभरही हलेना.

मसऊदा तंबूच्या दारात बसून हे सगळे पाहत होती. ती घाई न करता उठली, एक उंटीण सोडली आणि दोर घेऊन आली. एक शब्द न बोलता तिने दोराचे एक टोक क्वाडला बांधले, दुसरे उंटिणीच्या खोगिराला. उंटीण चालू लागली आणि मागून बलगासिम, मान खाली घालून, आपल्या गाडीचे दांडे धरून.

तंबूजवळ आल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "तुझं गाढव दमलं वाटतं."

बलगासिमने अंगावरची वाळू झटकली. दुसरे काय करणार.

तिने त्याला पाणी दिले, खजूर दिले, राखेतली भाकरी झटकून पुढ्यात ठेवली. चहा उकळून उकळून काळा केला. पण लग्नाचा विषय काढताच तिने तोंड फिरवले. त्याने विदादचे नाव घेतले, तेव्हा तिच्या हातातली किटली क्षणभर थांबली. मग ती म्हणाली की पोरीला तिचा आशीर्वाद आहे, तो इथून पाठवता येतो.

बलगासिम हताश होऊन उठला आणि निदान परत जाता यावे म्हणून त्याने माझा डबा उघडला. मला बाहेर काढताना माझ्यातून मूठभर वाळू सांडली. त्याने मला साबणाच्या पाण्यात बुडवले आणि दोन्ही टोके धरून पिळायला घेतले. माझी शिवण ताणली. मला माझी बहीण आठवली.

"थांब," मसऊदा म्हणाली. "लोकर अशी पिळतात का? अम्माने हेच शिकवलं तुला?"

तिने मला त्याच्या हातातून ओढून घेतले. तिची बोटे खरखरीत होती आणि आयुष्यभर उंटांची, शेळ्यांची लोकर धुऊन सरावलेली. तिने मला आत-बाहेर पाहिले, बोटांनी चाचपले, हुंगले. मग चुलीवरचे कोमट पाणी घेतले आणि मला तळव्यांत धरून दाबू लागली. साबण कमी, पाणी त्याहून कमी, पण तिने कंटाळा केला नाही.

"मला वेळ नाहीये, लल्ला," बलगासिम म्हणाला. "हे काढून ठेवतो आणि तसाच जातो. एक दिवस नसलं तर काय होतंय."

"वाऱ्यात उंट काय करतो?"

"नाकपुड्या मिटतो."

"याला मिटता येत नाहीत. म्हणून हे दिलंय ना? मग तू जनावराचं नाक उघडं टाकून वाळूत निघालास. कुठल्याही जनावराशी असं वागशील का?" तिने मला पुन्हा पाण्यात बुडवले. "वागशीलच म्हणा."

बलगासिम तिच्यासमोर वाळूवर बसला. ती मला दाबत होती, सोडत होती. परातीतले पाणी काळे होत होते.

"सगळे विकलेस त्याचं मला काही नाही," ती माझ्याकडे पाहतच म्हणाली. "तुझे होते. पण आपली जाजिया उंटीण? तिला अम्माने स्वतःच्या हाताने दूध पाजून जगवली होती. तिला कोणाला देतोयस, एवढं विचारलंही नाहीस मला."

बलगासिम बोटाने वाळू उकरू लागला.

"जाताना तिने मागे वळून पाहिलं का?"

"मला माहीत नाही, लल्ला," तो म्हणाला. "मीच पाहिलं नाही. मी घरात जाऊन बसलो. मला बघवलं नसतं."

मी तिच्या तळव्यांत होते, म्हणून मला कळले. तिचे हात थांबले आणि बराच वेळ मला तसेच धरून राहिले. मग तिने माझ्यातले पाणी अगदी हलके दाबून काढले, मला सुक्या कापडात गुंडाळले आणि उठली.

"हे एवढं तरी तेव्हाच सांगायचंस," ती म्हणाली. "मी समजत होते तू खुर्चीत बसून हसत होतास."

तिने मला तंबूच्या सावलीत दोरीवर टांगले. वाळवंटातली हवा कोरडी. दिवस कलायच्या आत मी खडखडीत वाळले. आता तेल. बलगासिमकडे तेल नव्हते. मसऊदाने आतून जैतुनाच्या तेलाचा बुधला आणला, ज्यात ती भाकरी बुडवून खाई.

"हे चालेल का तुझ्या गाढवाला?"

बलगासिम म्हणाला की रोजच्याला नाही चालणार, चिकटून बसेल. पण घरापर्यंत चालेल. मग दोघांनी मिळून मला चोळले. एक हात बहिणीचा, एक भावाचा. मित्रांनो, माझ्या अंगाला पुष्कळ तेले लागली आहेत. तसा वास मात्र कशालाच नव्हता.

सकाळी मसऊदा तयार होऊन उभी होती. डोळ्यांत काजळ, अंगावर ठेवणीतली लाल शाल, कमरेला मेंदीचे बोचके. उंट तिने शेजारच्या तंबूतल्या बायकांवर सोपवले होते. उंटावरून जायचे तर मेंदी चुकली असती, म्हणून ती क्वाडवर बसली. बसण्याआधी तिने बैठकीवर थाप मारली, जनावराला मारतात तशी. क्वाड पहिल्याच झटक्यात सुरू झाली. बैठकीखाली बसून मी मोकळा श्वास घेत होते आणि इंजिन माझ्यातून पोटभर हवा ओढत होते. किती दिवसांनी.

पहिली टेकडी उतरेपर्यंत मसऊदाने भावाच्या कमरेला नुसती मिठी मारली होती. दुसऱ्या टेकडीवर ती पुटपुटत देवाचे नाव घेत होती. तिसऱ्या टेकडीवर तिने त्याच्या पाठीत बोट खुपसले.

"एवढंच पळतं का हे?"

त्याने वेग वाढवला. टेकडीच्या माथ्यावरून आम्ही खाली झेपावलो तेव्हा मला वरून एक आवाज ऐकू आला. आधी मला वाटले, ती घाबरली. ती हसत होती. पोटातून, थांबता थांबत नाही असे हसू. बलगासिमही हसू लागला आणि पुढची सगळी वाट ती दोघे लहानपणीच्या कुठल्या कुठल्या गोष्टी काढून हसत राहिली. वाऱ्यात निम्मे शब्द उडून जात होते, पण त्यांना एकमेकांचे सगळे कळत होते.

दुपारी आम्ही अंगणात शिरलो. डब्याच्या भिंतीपलीकडून मला बायका लग्नात जीभ हलवून काढतात तो आनंदी गजर ऐकू आला, विदाद धावत आल्याचा आवाज आला आणि मग भिजवलेल्या मेंदीचा हिरवा, ओला वास. आजूबाजूला घराघरांतल्या कुसकुसची वाफ, अत्तर, बोकडाचे मटण. मी सगळे भरभरून आत घेतले. माझ्या वाट्याला आलेले ते लग्न असे होते आणि मला ते पुरले.

लग्न आटोपल्यावर नझीहाने डबा उघडला. मला नाकाजवळ नेले आणि कपाळाला आठी घातली.

"हिला कोणी कोशिंबिरीच्या तेलात बुडवलं?"

"मी," मसऊदा म्हणाली. तिने त्या अंगणात बसून तिसरा पेला चहा संपवला होता. "आणि पुढच्या वेळी मलाच बोलाव. तुझा नवरा पिळतो."

नझीहाने रॉकेलची परात काढली आणि दोघी नणंद-भावजया मला धुवायला बसल्या. जैतुनाचे तेल निघता निघेना. त्यांना घाईही नव्हती. इतक्या वर्षांचे बोलायचे राहिले होते. बलगासिम उंबऱ्यात उभा राहून पाहत होता, तेव्हा नझीहाने त्याला विचारले की निघताना गाळणी धुतली होती ना. तो पाहुण्यांना चहा द्यायला निघून गेला. घरात तेव्हा एकही पाहुणा नव्हता.

त्यानंतर मसऊदा येत-जात राहिली. आणि पुढे एक दिवस तिने क्वाडचे दांडे आपल्या हातात घेतले. बलगासिम म्हणाला, "लल्ला, या वयात?" ती म्हणाली की वय उंटांना विचार, ते लांब चरायला जायला लागले आहेत आणि पायांनी आता तिथवर पोचवत नाही. तिने पहिल्या दिवशी कोंबड्यांचे खुराडे पाडले. दुसऱ्या दिवशी डाळिंबाच्या झाडाला धडकली. मग जमले. आता ही जुनी क्वाड तिच्या तंबूजवळ असते आणि मीही. उंटांचा कळप आमच्या आवाजाला सरावला आहे. आम्ही दिसलो की माना वर करतात.

मी आता म्हातारी झाले आहे. माझा रंग उडाला, कडा मऊ पडल्या. बलगासिमने माझ्या जागी बसवायला नवी आणून ठेवली आहे. कामावर नसली की ती सगळे कुतूहलाने पाहत असते. आम्ही आळीपाळीने काम करतो. मी तिला काय काय वास येतात ते सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे कोणीतरी असेल, जे झाकणाखाली गुपचूप राबते आणि तुमच्या वाट्याची धूळ आपल्या अंगावर घेते. ते पंख्यामागे असेल, यंत्रात असेल, कदाचित माणूसही असेल. ते तक्रार करणार नाही. म्हणून तुम्हीच मधून मधून झाकण उघडा. आपटू नका, पिळू नका. कोमट पाणी, हलका हात आणि थोडा वेळ द्या. आम्हाला त्याहून जास्त काही लागत नाही.

आज माझे धुणे होते. मसऊदाने मला वाळवले, दोन्ही हातांत ताणून धरले आणि कुठे विरले आहे का ते पाहायला सूर्यासमोर उचलले. माझ्या भोकाभोकांतून उजेड आरपार गेला. एक डोळा मिटून, माझ्यातून पलीकडे पाहत ती बराच वेळ उभी राहिली.

"अजून चालेल," ती म्हणाली आणि तेलाची बाटली उघडली.